गावात दूध संस्था काढायची आहे? मुरबाड-शहापूरकडच्या नवख्यांसाठी

वाशीत किंवा ठाण्यात सकाळी दारात पडणारी गोकुळची पिशवी कोल्हापूरकडच्या गोठ्यांतून निघालेली असते. ते दूध टँकरने साडेतीनशे किलोमीटर येते आणि वाशीतल्या प्रकल्पात पिशव्यांत भरले जाते. मुरबाड वाशीपासून सत्तरेक किलोमीटरवर आहे. तरी आपल्याकडे तसे जाळे उभे राहिले नाही. आपली जनावरे कमी दूध देतात हे एक कारण आहेच, पण एकमेव नाही. कोल्हापुरात गावोगाव संस्था आहेत, ठरल्या वेळी काटा लागतो आणि ठरल्या वेळी गाडी येते. दूध काढणे हे एक काम आणि दूध गोळा करणे हे दुसरे. दुसऱ्या कामाची सवय आपल्याला नाही.

मुरबाड, शहापूर किंवा भिवंडीच्या आतल्या गावांत आठ-दहा जण एकत्र येऊन 'संस्था काढू' म्हणत असतील, तर त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. बहुतेक ठिकाणी सुरुवात नावापासून आणि फलकापासून होते. माझे म्हणणे असे की फलक सगळ्यात शेवटी लावावा.

रचना नेमकी काय

ही सगळी पद्धत मुंबईच्या दुधातूनच निघाली. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातले दूध पोल्सन या खासगी डेअरीमार्फत मुंबईला जायचे आणि मधले लोक मलई खायचे. शेतकऱ्यांनी दूध घालणे बंद केले आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी आणंदला स्वतःचा संघ नोंदवला. त्रिभुवनदास पटेल पुढारी होते. वर्गीस कुरियन १९४९ मध्ये आले. पुढे १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले आणि १९७० ते १९९६ या काळात 'ऑपरेशन फ्लड'ने तोच नमुना देशभर नेला. खाली गावची प्राथमिक संस्था, तिच्यावर जिल्ह्याचा संघ, त्याच्यावर राज्याचा महासंघ. आपल्या राज्याचा महासंघ म्हणजे महानंद. गावची संस्था दूध घेते, मोजते, तपासते आणि पैसे वाटते. थंड करणे, पिशवी भरणे आणि विकणे ही संघाची कामे.

बांगलादेशात १९७३ पासून 'मिल्क व्हिटा' याच वाटेने चालली आहे. केनियात गिथुंगुरीच्या शेतकऱ्यांनी १९६१ मध्ये सहकारी संस्था काढली आणि आज त्यांची स्वतःची डेअरी आहे. देश कोणताही असो, अडचण सारखीच असते. एकेका घरात दोन-चार लिटर दूध, ते काही तासांत नासणारे आणि गिऱ्हाईक लांब शहरात.

आधी दूध मोजा

वही घेऊन घरोघर फिरा. 'जनावरे किती' हा प्रश्न कामाचा नाही, त्याला उत्तर नेहमी फुगवून मिळते. विचारायचे ते असे: आज दुभती किती आणि भाकड किती? सकाळचे किती, संध्याकाळचे किती? घरात किती लागते? रतिबाला किती जाते? उरले ते घालण्याजोगे दूध. फक्त त्याचीच बेरीज करायची.

ही बेरीज दोनदा करा, एकदा दिवाळीच्या आसपास आणि एकदा मे महिन्यात. आपल्याकडे पावसाळ्यात चारा उदंड असतो आणि मार्चनंतर भाताच्या पेंढ्यावर दिवस काढायचे असतात. पेंढ्याने पोट भरते, कास भरत नाही. दिवाळीत २०० लिटर निघणारे गाव मेमध्ये ९० वर आले तर नवल नाही. संस्था मेच्या आकड्यावर उभी राहिली पाहिजे. दिवाळीच्या आकड्यावर भाडे आणि पगार ठरवले, तर पहिल्याच उन्हाळ्यात सचिवाचा पगार थकतो.

म्हसा यात्रेच्या बाजारातून दोन म्हशी आणल्या की दूध वाढेल, असा हिशेब बरेच जण करतात. वाढेल, पण विकत आणलेल्या जनावराचे वेत संपल्यावर पुढचे गाभण कुठे आणि कसे राहणार याचे उत्तर नसेल तर नऊ-दहा महिन्यांनी दावणीला भाकड म्हैस उभी राहते आणि बँकेचा हप्ता चालूच राहतो. चारा आधी, जनावर नंतर. थोडी जागा आणि पाणी असेल तर हत्तीगवत लावा. मका मिळाला तर मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करा.

मग गाडीचे बघा

दूध कोण घेणार हे नोंदणीच्या आधी ठरले पाहिजे. संघाचा किंवा खासगी डेअरीचा टँकर एका गावासाठी वाट वाकडी करत नाही. त्याला एका फेरीत पुरेसे लिटर लागतात. म्हणून शेजारच्या चार-पाच गावांशी बोला. प्रत्येकाची वेगळी संस्था असली तरी चालेल, पण दूध थंड करायचे यंत्र एकाच ठिकाणी, डांबरी रस्त्याला लागून बसवा. त्याला सगळे 'बल्क कूलर' म्हणतात. धार काढल्यावर दोन-तीन तासांत दूध त्यात पडले आणि ४ अंशांवर आले, तर टँकर दिवसातून एकदा आला तरी भागते. कूलर नसेल तर कॅन दोन्ही वेळा धाडावे लागतात आणि संध्याकाळचे दूध हमखास अडचणीत येते.

पावसाळ्यात आतल्या गावांत वीज किती वेळ जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. जनरेटर आणि त्याच्या डिझेलचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

घेणाऱ्याकडून या गोष्टी लेखी घ्या: दरपत्रक, पैसे किती दिवसांनी मिळणार, लिटरमागे संस्थेला कमिशन किती, नासलेल्या दुधाची जबाबदारी कुठपासून कोणाची, आणि दूध जास्त झाल्यावर घेणे कमी करणार का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. पण बाजारात दूध तुंबते तेव्हा 'आज सुट्टी' म्हणणारी डेअरी महागात पडते.

रतिबाशी भांडू नका

ठाणे जिल्ह्याची ही खास गोष्ट. बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, कल्याण इथल्या घरगुती गिऱ्हाइकाला ताजे दूध दारात हवे असते आणि त्यासाठी तो डेअरीपेक्षा बराच जास्त भाव देतो. मोटरसायकलला कॅन बांधून जाणारा शेतकरी ते गिऱ्हाईक सोडून तुमच्याकडे येणार नाही, आणि त्याने यावे असे मलाही वाटत नाही. 'सगळे दूध संस्थेलाच घातले पाहिजे' असा नियम इथे चालत नाही. तो केला की लोक चोरून रतीब घालतात आणि उरलेले पातळ दूध डेअरीला येते.

त्यापेक्षा संध्याकाळच्या दुधावर लक्ष ठेवा. रतीब बहुधा सकाळी असतो. संध्याकाळच्या दुधाला शहरात जाणारा माणूस मिळत नाही. शिवाय मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत गिऱ्हाइके गावी जातात, तेव्हा रतीबवाल्यालाही डेअरी आठवते. उपविधीत (संस्थेच्या नियमांत) किमान दिवस आणि किमान लिटर असे लिहा की रतीबवालाही क्रियाशील सभासद राहू शकेल. फक्त एक अट ठेवा: सुट्टीत आणलेल्या दुधाला इतरांसारखाच दर मिळेल, पण वर्षअखेरचा फरक (नफ्यातून सभासदांना वाटायचे पैसे) वर्षभर घातलेल्या लिटरवरच वाटला जाईल.

संस्थेचे पोट कसे भरते

समजा, लिटरमागे १ रुपया कमिशन मिळते आणि रोज २०० लिटर दूध येते. महिन्याला ६,००० रुपये झाले. सचिवाला ८,०००, मदतनिसाला ४,०००, आणि भाडे, वीज, रसायने मिळून ३,००० धरले तर खर्च १५,०००. म्हणजे रोज ५०० लिटरशिवाय संस्था स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. आकडे तुमचे घाला, गणित तेच. ५०० लिटर होत नसतील तर आधी शेजारच्या संस्थेचे संकलन केंद्र म्हणून चालवून बघा. त्यात कमीपणा काही नाही.

या हिशेबात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: सॅम्पलचे दूध. तपासणीसाठी प्रत्येकाकडून वेळेला ५० मिलिलिटर घेतले आणि ६० जण दूध घालत असतील, तर दोन वेळचे ६ लिटर होतात. ३५ रुपयांनी धरले तर महिन्याला ६,३०० रुपये. यंत्राला लागते थोडेसे, बाकीचे उरते. ते कोणाचे? सचिवाने घरी न्यायचे, संस्थेच्या खात्यात विकायचे, की शेतकऱ्याच्या कॅनमध्ये परत ओतायचे? पहिल्याच सभेत ठराव करा. मी पाहिलेल्या गावच्या बऱ्याच भांडणांची सुरुवात या वाटीभर दुधावरून झाली.

नोंदणी

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदणी होते. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण लागतात. एकाच घरातले तीन भाऊ एकत्र राहत असतील तर ते एकच धरा. प्रवर्तकांची सभा घ्या, मुख्य प्रवर्तक निवडा आणि सहकार खात्याच्या दुग्ध विभागाच्या सहाय्यक निबंधकांकडे नाव राखून ठेवण्यासाठी आणि बँक खाते उघडण्यासाठी परवानगी मागा. भागभांडवल त्या खात्यात भरा. मग नमुना 'अ'मधला अर्ज, उपविधीच्या चार प्रती, सभासदांची यादी आणि संस्था कशी चालेल याचा छोटा अहवाल द्या. निर्णयासाठी कायद्यात २ महिन्यांची मुदत आहे. घरोघर फिरून केलेली वही आणि घेणाऱ्याचे पत्र जोडले असेल तर अहवालावर फारशा शंका निघत नाहीत.

प्रमाणपत्र हातात आले की ३ महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. संस्थेचा पॅन काढा. अन्नसुरक्षेची नोंद एफएसएसएआयकडे करा; दिवसाला ५०० लिटरच्या आत असाल तर साधी नोंदणी, वर गेलात तर परवाना. जो सभासद आपले सगळे दूध संस्थेलाच घालतो, त्याला स्वतःची वेगळी नोंदणी लागत नाही.

सभासदत्व कोणाच्या नावावर, हे आताच ठरवा. शेण काढते ती, धार काढते ती, कॅन घेऊन येते ती, आणि पावती निघते नवऱ्याच्या नावावर. घरातल्या बाईच्या नावावर सभासदत्व आणि तिच्याच नावावर खाते असेल तर दुधाचा पैसा पेंडीवर आणि पोरांच्या फीवर खर्च होण्याची शक्यता जास्त असते. कार्यकारी समितीत दोन जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. मागून दुसरा कोणी सांगेल तिथे नुसती सही करणाऱ्या बायका त्या जागांवर बसवू नका.

काटा, फॅट आणि डिग्री

संस्था टिकते किंवा मोडते ती इथे.

काट्यापासून सुरुवात करू. गाईचे १ लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते. म्हणजे काट्यावर १० किलो आले तर ते ९.७ लिटर असते. गावात मापाने लिटर घ्यायचे आणि संघाला किलोने द्यायचे, असे केले की दोन्हीकडचा आकडा कधीच जुळत नाही आणि संशय सचिवावर येतो. दोन्ही टोकांना एकच एकक ठेवा. मापाने घेताना फेसही मोजला जातो, म्हणून इलेक्ट्रॉनिक काटा बरा. पण तो १० मिलिलिटरपर्यंत दाखवणारा घ्या. १०० मिलिलिटरच्या पटीतच दाखवणारा काटा २.४९ लिटरला २.४ म्हणतो. सरासरी ४५ मिलिलिटर गळाले तरी दोन वेळचे मिळून वर्षाला एकेका घराचे ३२-३३ लिटर जातात. लोक याला 'काटा मारणे' म्हणतात. कधी कधी कोणी मारत नसतो, यंत्रच तसे लावलेले असते. वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी घ्या आणि काट्याचा आकडा दूध घालणाऱ्याला दिसेल असा बसवा.

आता फॅट. हल्ली अ‍ॅनालायझर मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ सांगतो. एसएनएफ म्हणजे मलई सोडून दुधात जे घन असते ते. गावात त्यालाच 'डिग्री' म्हणतात. यंत्र चांगले, पण नीट धुतले नाही तर आकडे भरकटतात. म्हणून आठवड्यातून एकदा तेच दूध जुन्या गर्बर पद्धतीने ताडून बघा. ब्युटिरोमीटरच्या नळीत आधी १० मिलिलिटर गंधकाम्ल, मग कडेने अलगद १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच घट्ट लावून, कापडात धरून हलवायचे, कारण नळी चटका बसेल इतकी तापते. सेंट्रिफ्यूजमध्ये ४-५ मिनिटे फिरवले की पिवळसर मलई वर येते. ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायची. अ‍ॅसिडचे काम करताना डोळ्यांना चष्मा आणि जवळ पाण्याची बादली हवीच, आणि हे काम मुलांकडे कधीच देऊ नका.

लॅक्टोमीटर (दुधाची घनता दाखवणारे साधन) वापरत असाल तर तो कोणत्या तापमानासाठी बनवला आहे ते त्याच्यावरच लिहिलेले असते. दूध त्याहून गरम किंवा थंड असेल तर वाचन सुधारून घ्यावे लागते. मग सूत्राने एसएनएफ काढतात, आणि सूत्रे एकापेक्षा जास्त आहेत. वाचन २८ आणि फॅट ३.८ असेल, तर 'वाचन भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२५ पट, अधिक ०.४४' या सूत्राने ८.३९ येते. ०.२१ आणि ०.३६ वापरणाऱ्या सूत्राने त्याच दुधाचे ८.१६ होते. दूध एकच, लबाडी कोणाचीच नाही, तरी पावतीवर दोन पॉइंटचा (०.१ म्हणजे एक पॉइंट) फरक. संघ कोणते सूत्र धरतो ते विचारा आणि गावातही तेच वापरा.

दूध घेण्याआधी वास घ्या. संशय आला तर परीक्षानळीत थोडे उकळून पाहा. फुटले तर ते बाजूला काढा आणि मालकासमोरच काढा. एक आंबूस कॅन सगळा कूलर नासवतो.

दरपत्रक वाचायला शिका

गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात. फॅट किंवा एसएनएफ ०.१ ने हलले की एक पॉइंट. समजा मूळ दर ३४ रुपये आणि दोन्हीकडे पॉइंटला ३० पैसे. दूध ३.८ आणि ८.२ लागले, तर फॅटचे ९० पैसे वाढले आणि एसएनएफचे ९० पैसे कमी झाले. दर ३४ च राहिला. पण एसएनएफच्या कपातीला पॉइंटमागे १ रुपया लावणारे दरपत्रक असेल तर त्याच दुधाचे ३१ रुपये ९० पैसे होतात. म्हणून जाहिरातीतला वरचा दर बघून डेअरी बदलू नका. खालचा तक्ता बघा.

पैसे १० दिवसांच्या पगाराने द्या: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. तारीख चुकवू नका. गावातला खासगी व्यापारी टिकून आहे तो भावामुळे कमी आणि उचल देतो म्हणून जास्त. अडल्या वेळी पाच हजार देतो आणि मग वर्षभर पडेल भावाने दूध नेतो. संस्थेला उचल देता येत नसेल तरी पगार त्या दिवशी झालाच पाहिजे. पेंडीचे पैसे पगारातून कापत असाल तर पावतीवर वेगळी ओळ दाखवा.

सरकारी अनुदान आले तर घ्यायचे, त्यावर घर बांधायचे नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये दिले, पण त्यासाठी जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला, त्याची भारत पशुधन प्रणालीवर नोंद आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागत होते. ज्यांच्या जनावरांना बिल्ले नव्हते त्यांची धावपळ झाली. बिल्ला पशुवैद्यकीय दवाखान्यातून आताच मारून घ्या. त्याच खेपेला लाळ्या-खुरकूत आणि लंपीच्या लसीचे विचारा.

दप्तर

रोजचे संकलन रजिस्टर, टँकरला दिलेल्या दुधाच्या पावत्या, रोकड वही, सभासद नोंदवही आणि सभेची इतिवृत्ते एवढे नीट असले तर ऑडिटला घाम फुटत नाही. ऑडिट आर्थिक वर्ष संपल्यापासून ४ महिन्यांत आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो, बाकीचे फरकाच्या रूपाने दिवाळीपूर्वी वाटता येते.

'घेतलेले दूध' आणि 'दिलेले दूध' यांतला फरक रोज संध्याकाळी फळ्यावर लिहा, कमी असो वा जास्त. सॅम्पल, सांडलवंड, काट्याचा फरक अशी कारणे पुढे लिहा. हा आकडा आठवडाभर एकाच बाजूला झुकला तर काटा तपासायला माणूस बोलवा, आणि तो येईपर्यंत कॅन दुसऱ्या काट्यावर एकदा मोजून ठेवा.